तंजावरचे रुमाल

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात पाऊल टाकले की मान आपोआप वर जाते. राजराज चोळाने इ. स. १०१० मध्ये पुरे केलेले ते विमान साठ मीटरांहून उंच आहे, आणि सगळे काम ग्रॅनाइटचे. भोवती नजर पोचेल तिथवर कावेरीची सपाट भातखाचरे आहेत, म्हणजे हा सारा दगड लांबून ओढून आणलेला. महाराष्ट्रातून आलेली मंडळी बहुधा इथेच रमतात, नंदीपाशी फोटो काढतात आणि कुंभकोणमची वाट धरतात. त्यांना माझी विनंती आहे की प्रदक्षिणा घालताना नैऋत्येच्या कोपऱ्याशी थांबावे आणि प्राकाराच्या भिंतीकडे वळावे. तिथे दगडावर देवनागरी अक्षरांत मराठी मजकूर कोरलेला आहे. एखादे दानपत्र किंवा चार ओळींची नोंद नव्हे, भोसले घराण्याचा अख्खा इतिहास. मूळ पुरुषांपासून मालोजी, शहाजी, शिवाजी महाराज, व्यंकोजी आणि पुढे थेट दुसरे सरफोजी राजे यांच्यापर्यंत. राजांच्या आज्ञेने त्यांचे चिटणीस बाबूराव यांनी तो रचला आणि १८०३ साली तो कोरून पुरा झाला. जगातल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते.

वाचायचा असेल तर बरोबर छोटा टॉर्च असू द्यावा. समोरून प्रकाश टाकला तर अक्षरे दगडात विरून जातात. बाजूने, भिंतीला जवळजवळ टेकवून, तिरका धरला की एकेक काना, एकेक वेलांटी सावली धरते आणि ओळ उभी राहते. शब्द सलग लिहिलेले असतात, ते मनाशी तोडत तोडत पुढे सरकावे लागते. पुण्या-साताऱ्यापासून हजारभर किलोमीटरांवर, तमिळ भाविकांची वर्दळ चालू असताना, आपल्याच भाषेतले वाक्य असे बोटाने चाचपत वाचताना अंगावर काटा येतो, हे मी लपवत नाही.

पण भारावून जाण्याच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा. १८०३ सालीच हे का कोरावेसे वाटले? उत्तर चार वर्षे मागे आहे. तुळजाजी राजांनी १७८७ साली आपल्या मृत्यूच्या थोडे आधी दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले, पण गादीवर बसले तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंह. दत्तकाचा वाद चालला, आणि १७९८ मध्ये कंपनी सरकारने अमरसिंहांना दूर करून सरफोजींना गादी दिली. पुढच्याच वर्षी, १७९९ च्या तहाने, त्या गादीची किंमत वसूल झाली. मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरला किल्ला, त्याच्या आसपासचा थोडका भाग, वर्षाला एक लाख होनांची नेमणूक आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. बावीस वर्षांच्या या राजाला फौज नव्हती, मुलूख नव्हता आणि वसुलीही नव्हती. अशा माणसाने आपल्या घराण्याची कहाणी चोळांच्या आठशे वर्षांच्या भिंतीवर लिहून ठेवली. राज्य गेले तरी कोण राज्य करत होते याची नोंद राहिली पाहिजे, ही त्यामागची तळमळ मला स्पष्ट दिसते. पुढची तेहतीस वर्षे, म्हणजे १८३२ साली मृत्यू येईपर्यंत, सरफोजी राजांनी केले ते जवळजवळ सगळे याच तळमळीतून केले. म्हणून तंजावर बघायचे तर सुरुवात या भिंतीपासून करावी.

इथून राजवाडा रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर आहे. वाडा मुळात नायकांचा. विजयनगरच्या पडत्या काळात तंजावरच्या नायकांनी तो उभारला, मराठ्यांनी वाढवला. १६७३ साली नायकांची सत्ता मोडली, विजापूरकरांचे सरदार म्हणून आलेले, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे दोन-तीन वर्षांतच इथे स्थिरावले, आणि १८५५ पर्यंत, म्हणजे पावणेदोनशे-एकशे ऐंशी वर्षे, भोसल्यांची गादी इथे नांदली. पेशवाईपेक्षा हा काळ मोठा आहे. तरी आपल्या शाळेच्या पुस्तकात त्याला फार तर एक परिच्छेद मिळतो, तोही १६७७ च्या दक्षिण दिग्विजयात शिवाजी महाराज आणि व्यंकोजी यांची कोल्लिडमच्या काठी भेट झाली एवढे सांगण्यापुरता.

वाड्याच्या आवारातच सरस्वती महाल आहे. नायकांच्या काळापासूनचा ग्रंथसंग्रह, पण त्याला आजचे रूप दिले सरफोजी राजांनी, म्हणूनच ग्रंथालयाला त्यांचे नाव आहे. १८२० च्या सुमारास राजे काशीयात्रेला निघाले. तीन हजारांच्या आसपास माणसांचा तो लवाजमा होता. यात्रा झाली, श्राद्धे झाली, आणि त्याबरोबर काशीच्या पंडितांकडून पोथ्या विकत घेणे, मिळत नसतील त्यांच्या नकला करवून घेणे हेही झाले. त्या प्रवासावर मराठीत लावण्या रचल्या गेल्या. 'त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या' या नावाने ग्रंथालयाने त्या छापल्या आहेत. लावणी म्हटले की आपल्याला फड आणि ढोलकी आठवते. इथे लावणीत गावे, मुक्काम, नद्या आणि क्षेत्रे येतात.

आज संग्रहात संस्कृत हस्तलिखितेच एकोणचाळीस हजारांच्या घरात आहेत. तमिळ साडेतीन हजारांच्या आसपास, मराठी तीन हजारांहून थोडी अधिक, तेलुगू आठशेच्या वर. ताडपत्रे आहेत, कागद आहेत. शिवाय राजांनी युरोपातून मागवलेली छापील पुस्तके. लंडनला राहणारा विल्यम टॉरिन हा त्यांच्यासाठी तिथून पुस्तके घेऊन पाठवत असे, त्याचा पत्रव्यवहारही जपलेला आहे. जॉन्सनचा शब्दकोश, लव्हाझिएचे रसायनशास्त्र, अशी पुस्तके त्या काळी हिंदुस्थानात किती घरांत असतील?

सामान्य पाहुण्यांसाठी ग्रंथालयाला लागून एक लहानसे संग्रहालय आहे. तिथे माणसाचा चेहरा आणि प्राण्याचा चेहरा शेजारी शेजारी काढून साम्य दाखवणारी, शार्ल ल ब्रं या फ्रेंच चित्रकाराची चित्रे आहेत. हत्तींच्या शास्त्रावरची सचित्र पोथी आहे. बोटभर रुंदीच्या ताडपत्रावर टाकासारख्या लेखणीने कोरलेला मजकूर आहे. लोक चित्रांपाशी घोळका करतात. मी जास्त वेळ उभा राहिलो तो डोळ्यांच्या कागदांपाशी.

सरफोजी राजांनी धन्वंतरी महाल नावाचे औषधशाळेसारखे एक केंद्र चालवले. तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय अशा चारही पद्धतींचे जाणकार होते. डोळ्यांच्या रोगांवर राजांचे विशेष लक्ष. रोग्याची नोंद ठेवलेली, कोणता विकार, कोणता उपचार, काय गुण आला. आणि बरोबर त्या रोग्याच्या डोळ्याचे रंगीत चित्र. मोतीबिंदू पिकलेला असला की बाहुलीवर आलेला तो दुधी पडदा चित्रकाराने तसाच उतरवला आहे, पांढऱ्यातल्या लाल शिरासुद्धा. रोगी म्हणून आलेला माणूस राजघराण्यातला असो नसो, त्याचा डोळा तितक्याच काळजीने काढला आहे. राज्यकारभार हातातून गेलेल्या राजाने प्रजेकडे बघायचे सोडले नाही, याचा माझ्या मते याहून मोठा पुरावा नाही.

आता त्या गोष्टीकडे येतो जिच्यासाठी मी तंजावरला जातो. राजदरबाराचे दफ्तर. ग्रंथालयात मोडी कागदांचे १,३४२ रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गाठोडे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातही हाच शब्द चालतो. या गाठोड्यांत लढाया कमी आहेत, कारण या राजांना लढायला कुणी ठेवलेच नव्हते. आहे तो रोजचा संसार: मुदपाकखान्याचा खर्च, देवळांच्या उत्सवांना दिलेल्या रकमा, नाचणाऱ्या-गाणाऱ्यांच्या नेमणुका, छत्रांतल्या (यात्रेकरूंच्या धर्मशाळांतल्या) जेवणावळी, पुस्तकांची खरेदी, वाड्याची डागडुजी, कुणाच्या लग्नाला दिलेली मदत. इतिहासात ज्याला आपण समाजजीवन म्हणतो ते दुसऱ्या कशात सापडणार?

मोडी वाचणे म्हणजे काय, हे ज्याने केले नाही त्याला थोडे सांगायला हवे. लिहिणारा आधी कागदाच्या डावीकडून उजवीकडे सरळ रेघ ओढून घेतो, आणि मग बोरू शक्य तितका न उचलता त्या रेघेखाली अक्षरे गुंफत जातो. एक शब्द संपून दुसरा कुठे लागला याची खूण नाही. विरामचिन्हे नाहीत. इकार एकच आणि उकार एकच, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद वाचणाऱ्याने अर्थावरून ठरवायचा. शिवाय संक्षेप. 'मु॥' दिसले की मुक्काम, तारखेआधी 'छ' दिसला की चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याची तिथी. सालाचे आकडे बऱ्याचदा अरबी शब्दांत. सुरुवातीला तासाभरात तीन ओळी लागल्या तरी पुष्कळ. मग हळूहळू एका कारकुनाचे वळण ओळखीचे होते, त्याचा 'र' कसा, त्याचा 'त' कुठे मुडपतो हे हाताला कळू लागते, आणि एखाद्या दुपारी अचानक पानच्या पान वाचले जाते. त्या दुपारसाठी लोक आयुष्य घालवतात. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी घातले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड त्यातून उभे राहिले.

तंजावरला पुण्याची मोडी घेऊन आलेला माणूस मात्र आणखी एका जागी अडतो. लिपी ओळखीची, व्याकरण मराठी, पण हिशेब रुपये-आण्यांत नाही, चक्रम आणि पणम यांत आहे. भात खंडीने मोजलेले नाही, कलमाने मोजलेले आहे. गावांची नावे तमिळ, जातींची नावे तमिळ, देवळातल्या सेवेकऱ्यांच्या हुद्द्यांची नावे तमिळ, आणि ती सगळी मराठी कारकुनाच्या कानाला ऐकू आली तशी लिहिलेली. तमिळ न येणाऱ्या मराठी संशोधकाला या कागदातली निम्मी नामे कळत नाहीत. मोडी न येणाऱ्या तमिळ संशोधकाला तर कागदच उघडता येत नाही. दोन्ही येणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांतली बरीचशी वयाने थकलेली. तंजावरच्या दफ्तराची खरी अडचण ही आहे. वाळवीवर औषध असते, दमटपणावर उपाय असतो, कागदाचे स्कॅनिंगही करता येते. वाचणारा माणूस तयार व्हायला वर्षे लागतात.

या बाबतीत तमिळ विद्वानांचे ऋण मानले पाहिजे. १९८१ साली तंजावरला तमिळ विद्यापीठ स्थापन झाले, आणि पहिल्याच दशकात त्याने या मोडी कागदांतल्या निवडक भागाचा तमिळ अनुवाद टिपांसह तीन खंडांत काढला. के. एम. वेंकटरामय्या यांनी याच साधनांवरून मराठे राजांच्या काळातल्या राज्यव्यवहारावर आणि समाजजीवनावर तमिळमध्ये मोठा ग्रंथ लिहिला. म्हणजे आज तंजावरच्या मराठी दरबाराची घरगुती हकिकत सलग वाचायची तर तमिळ यायला हवे. मराठीत तेवढ्या विस्ताराने ती अजून आलेली नाही. पुण्या-मुंबईच्या विद्यापीठांत इतिहासाचे इतके विभाग असताना हे व्हावे, याचे मला मनापासून दुःख आहे.

जुन्या कागदांच्या खोलीतला दिवस कसा जातो, हे तरुण वाचकांसाठी सांगतो, कारण त्यातले कष्ट आणि आनंद दोन्ही आधी कळलेले बरे. कुठल्याही दफ्तरखान्यात हे थोड्याफार फरकाने असेच असते. आधी पत्र पाठवावे, आपल्या संस्थेचे शिफारसपत्र आणि ओळखपत्र जवळ ठेवावे. शाईचे पेन आत नेऊ नये, शिसपेन न्यावे. एका वेळी एकच गाठोडे मिळते. ते सोडताना गाठ कशी होती ते बघून ठेवावे, कारण पुन्हा तशीच बांधून द्यायची असते. कागदाच्या कडा कुरकुरीत झालेल्या असतात, पान उलटताना तळहात खाली सरकवून उचलावे, बोटाच्या चिमटीत धरू नये. थुंकी लावून पान उलटायची सवय असेल तर ती बाहेर ठेवून यावे. दुपारी जेवायची सुट्टी होते तेव्हा सगळ्यांबरोबर बाहेर पडावे. केळीच्या पानावरचा भात, सांबार, रस्सम, ताक असे जेवत असताना त्याच खोलीत काम करणारे दुसरे अभ्यासक भेटतात; कुणी सिद्ध वैद्यकावर काम करत असते, कुणी तालांवर, कुणी देवळांच्या जमिनींवर. माझ्या कागदांतल्या 'कलम' या मापाचा हिशेब मला असाच जेवताना एका तमिळ प्राध्यापकांनी समजावून सांगितला, आणि मी त्यांना त्यांच्या झेरॉक्सवरचा 'बितपशील' वाचून दाखवला. चर्चासत्रांच्या व्यासपीठांवर जे होत नाही ते अशा पंगतीत होते.

इथे आपल्याकडच्या विद्यापीठीय जगाबद्दल एक बोलायलाच हवे. अलीकडे प्राध्यापकाच्या बढतीला शोधनिबंधांचे गुण मोजतात. दफ्तरात बसून वर्षभर कागद लावले आणि हाती दहा विश्वासार्ह लिप्यंतरे आली, तर त्या दहा लिप्यंतरांना फारसे गुण नाहीत. छापील पुस्तकांवरून चार महिन्यांत लिहिलेल्या लेखाला आहेत. विद्यार्थी हे बघतात आणि शहाणे होतात. मोडीचा वर्ग दहा दिवसांचा करतात, प्रमाणपत्र घेतात, आणि परत कधी बोरूच्या वाटेला जात नाहीत. त्यांना दोष देता येत नाही. लिप्यंतर आणि संपादन हे पहिल्या दर्जाचे संशोधन आहे असे विद्यापीठांनी नियमात लिहून घेतल्याशिवाय ही वाट भरणार नाही. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड काढले. आजही मराठेशाहीवर लिहिणारा प्रत्येक माणूस त्यांवर उभा आहे. ते काम आजच्या तक्त्यात किती गुणांचे ठरले असते, याचा विचार धोरण ठरवणाऱ्यांनी करावा.

ग्रंथालयाच्या वाट्याला आलेले दिवसही सोपे नव्हते. सरफोजींचे पुत्र शिवाजी राजे १८५५ साली पुत्राविना वारले आणि कंपनीने गादी खालसा केली. त्याबरोबर राजघराण्याची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईसाहेब न्यायालयात गेल्या. खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचला आणि १८५९ मध्ये निकाल लागला की ही जप्ती राज्यसत्तेची कृती असल्यामुळे न्यायालयाला तिच्यात पडता येत नाही. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला अजून उद्धृत होतो. पोथ्या मात्र जागेवर राहिल्या. तंजावरला जिल्हा न्यायाधीश असलेल्या ए. सी. बर्नेल यांनी संस्कृत पोथ्यांची वर्गवार सूची केली, ती १८८० साली छापली गेली. १९१८ मध्ये ग्रंथालय लोकांसाठी खुले झाले. एका स्त्रीने परक्या सत्तेशी लढून हरलेल्या खटल्याची आठवण त्या दालनांत कुठे तरी ठळकपणे लावावी, असे मला नेहमी वाटते.

कागदांतून डोके वर काढले की तंजावर गावातही मराठीची खूण सापडते. दक्षिणी मराठी बोलणारी घरे तंजावर, कुंभकोणम, चेन्नई या पट्ट्यात अजून आहेत. घरात मराठी, बाहेर तमिळ. अनेकांना मराठी वाचता येत नाही, पण ती तमिळ लिपीत लिहून घेता येते. अशा एका घरी मला जेवायला बोलावले होते. घरातल्या आजींनी मला 'या, बसा' म्हटले तेव्हा सूर तमिळ होता आणि शब्द माझ्या आजीचे. पानात डांगर पचडी होती: भाजलेल्या उडदाचे पीठ दह्यात कालवून वर मोहरी-हिंगाची फोडणी. आपल्याकडे डांगर ताकात कालवतात, एवढाच फरक. आजींच्या घराण्यातले पुरुष तीन पिढ्या सरकारी नोकरीत होते. या समाजातूनच टी. माधवराव आले, १८२८ साली कुंभकोणमला जन्मलेले, जे त्रावणकोर, इंदूर आणि शेवटी बडोदे या तिन्ही संस्थानांचे दिवाण झाले. सयाजीराव महाराज लहान असताना बडोद्याचा कारभार ज्यांनी सावरला ते हेच. महाराष्ट्राच्या इतिहासात तंजावर असा मागच्या दाराने पुन्हा आत येतो.

नाटक-संगीताचे तर विचारूच नये. व्यंकोजींचे पुत्र शहाजी राजे, ज्यांची कारकीर्द १६८४ ते १७१२, स्वतः नाटककार होते. 'पंचभाषाविलास' या त्यांच्या नाटकात तमिळ, तेलुगू, मराठी, संस्कृत आणि हिंदी अशा पाच भाषा बोलणारी पात्रे आहेत. विष्णुदास भाव्यांनी सांगलीला 'सीतास्वयंवर' केले ते १८४३ साली. त्याच्या दीडशे वर्षे आधी तंजावरला मराठी नाटके लिहिली जात होती. सरफोजी राजांचे 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक आणखी वेगळे. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार, त्यात भविष्य सांगणारी डोंगरातली स्त्री येते. राजांनी त्या कुरवंजीच्या तोंडी पृथ्वीचा भूगोल घातला, खंडे, देश आणि समुद्र. त्यांच्या छापखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच इसापच्या गोष्टींचे 'बालबोध मुक्तावली' हे मराठी पुस्तक देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. पुण्यात तेव्हा दुसऱ्या बाजीरावांची पेशवाई होती.

पोन्नय्या, चिन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ, ज्यांनी आजच्या भरतनाट्यमचा क्रम बसवला, ते याच दरबारच्या आश्रयाला होते. राजांनी स्वतः नृत्यासाठी मराठीत रचना केल्या. 'कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस' या नावाने त्या प्रसिद्ध आहेत. उलट दिशेनेही देवघेव झाली. महाराष्ट्रातून आलेल्या कीर्तनकारांचे ऐकून तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवे वळण दिले, आणि तिच्यात साकी, दिंडी, ओवी, अभंग ही वृत्ते रुळली. चेन्नईच्या सभेत हरिकथा ऐकताना मधूनच साकीची चाल कानावर पडते, ती या वाटेने आलेली आहे.

एक दिवस हाताशी असेल तर शिवगंगा बागेजवळचे जुने चर्च बघावे. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्‌झ या जर्मन मिशनऱ्याचे ते. दत्तकाच्या वादात लहान सरफोजींचा तो पालक झाला आणि त्यांच्या शिक्षणाची सोय त्यानेच लावली. १७९८ साली तो वारला. त्याच्या मृत्युशय्येपाशी उभे राहून त्याचा हात धरलेले सरफोजी, असे जॉन फ्लॅक्समनने संगमरवरात कोरलेले शिल्प तिथे आहे. राजाने आपल्या गुरूसाठी ते इंग्लंडहून करवून आणले. खुद्द सरफोजींचा उभा पुतळा वाड्यात आहे. सरफोजींनी धर्म बदलला नाही, बृहदीश्वराची पूजा चालू ठेवली, छत्रांतून हजारोंना जेवू घातले आणि गुरूचे ऋणही उघडपणे मानले.

दक्षिणेला पट्टुकोट्टईच्या वाटेवर ओरत्तनाडूला मुक्तांबाळ छत्र लागते. त्याहून पुढे समुद्रकाठी मनोरा आहे, नेपोलियनच्या पराभवाच्या आनंदात १८१४-१५ च्या सुमारास राजांनी बांधलेला आठ मजली बुरूज. इंग्रजांच्या कंपनीने राज्य घेतले आणि त्याच इंग्रजांच्या विजयाचा स्तंभ राजाने उभारावा, हे बघताना मन खट्टू होते. पण त्या काळच्या पेन्शनर राजाला आपली गादी जपण्यासाठी काय काय करावे लागत होते, हे त्या बुरुजाइतके स्वच्छ कुठेच दिसत नाही. छत्र आणि मनोरा दोन्ही एका दिवसात होतात. उन्हाळ्यात मात्र जाऊ नये.

मराठी तरुणांनी आणि त्यांना शिकवणाऱ्यांनी तंजावर हे सहलीचे ठिकाण न समजता कामाचे ठिकाण समजावे, एवढे माझे मागणे आहे. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेते, मुंबईत राज्य अभिलेखागाराची परंपरा १८२१ पासूनची आहे. मोडीचा पाया इकडे घालून, तमिळ अक्षरे आणि कामापुरते तमिळ शिकून दोन-चार विद्यार्थी दरवर्षी तिकडे गेले, आणि त्यांच्या मार्गदर्शकांनी त्यांना लिप्यंतरावर पदवी मिळवू दिली, तर दहा-पंधरा वर्षांत या दफ्तराचे मराठी खंड निघू शकतात. तमिळ विद्यापीठाने सुरुवात करून ठेवली आहे, तिथल्या अभ्यासकांबरोबर जोडीने बसावे. एका विद्यापीठाने तरी येत्या वर्षी यासाठी शिष्यवृत्ती जाहीर करावी. चेन्नईच्या एग्मोर स्थानकावरून रात्रीच्या गाडीने निघालेला विद्यार्थी सकाळी तंजावरला उतरतो, आणि स्थानकापासून सरस्वती महाल अगदी जवळ आहे.